जुन्या वास्तूतला मुक्काम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही पेशवेकालीन वाड्यांवरील लेख छापला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे : अशा जुन्या वास्तूंत जाऊन राहायचे असेल, तर कुठे जावे आणि काय पारखून घ्यावे? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होतील. मुलांनी आम्हा दोघांना एखाद्या राजवाड्यातील हॉटेलात तीन-चार दिवस राहायला पाठवायचे ठरवले आहे. पण पाहावे ते हॉटेल स्वतःला ‘हेरिटेज’ म्हणवून घेते. खरोखर जुने कोणते आणि नुसत्या कमानी लावलेले कोणते, हे नाशिकला बसून कसे ओळखावे?
— एक वाचिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने हेरिटेज हॉटेलांसाठी स्वतंत्र वर्गवारी केलेली आहे. राजवाडा, किल्ला, गढी, हवेली किंवा निवासी वाडा, जी काही मूळ वास्तू असेल ती १९५० पूर्वी बांधलेली असावी, हा तिचा पहिला निकष. एकूण बांधकामापैकी किमान निम्मे क्षेत्र त्या काळातील असावे, दर्शनी भागात मोठी मोडतोड झालेली नसावी आणि नवे काही जोडलेच असेल तर ते जुन्याच्या वळणाने जाणारे असावे, अशीही अपेक्षा असते. बेसिक, क्लासिक आणि ग्रँड अशा तिच्या तीन श्रेणी आहेत. ही वर्गवारी ऐच्छिक असल्यामुळे प्रमाणपत्र नाही म्हणून वास्तू खोटी ठरत नाही; मात्र प्रमाणपत्र असेल तर निदान सालाविषयी शंका उरत नाही.

तरीही ‘किमान निम्मे’ या अटीचा दुसरा अर्थ आपण ध्यानात घ्यावा. उरलेले निम्मे बांधकाम पाच-दहा वर्षांपूर्वीचेही असू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी स्वस्त खोल्या नेमक्या त्याच भागात असतात. म्हणून आरक्षण करताना हॉटेल किती जुने आहे हे विचारण्याऐवजी, आम्हाला मिळणारी खोली मूळ वास्तूत आहे की नव्या भागात आहे, आणि पूर्वी त्या जागेचा उपयोग काय होता, हे विचारावे. ज्यांना आपल्या वास्तूची माहिती असते ते या प्रश्नावर मोकळेपणाने बोलू लागतात. ज्यांना नसते ते नाश्त्यात काय काय मिळेल ते सांगू लागतात. खोलीची छायाचित्रे मागवली तर पलंगाकडे पाहू नये, खिडकीकडे पाहावे. दगड-मातीची भार पेलणारी भिंत दीड-दोन हात जाड असते, त्यामुळे खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसू शकतो. नव्या विटांच्या भिंतीवर कितीही कमानी काढल्या, तरी ती जाडी आणता येत नाही. दाराची चौकट बुटकी, उंबरा उंच आणि छताच्या तुळयांमधील अंतर थोडे कमीजास्त असेल, तर ते सुताराच्या हातचे काम समजावे.

राजवाड्यांची हॉटेले होण्याची सुरुवात जयपूरच्या रामबाग पॅलेसपासून झाली. तो १९५७ मध्ये पाहुण्यांसाठी खुला झाला. उदयपूरच्या पिछोला तलावातील अठराव्या शतकातील जगनिवास राजवाडा १९६३ मध्ये हॉटेल झाला. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर पुष्कळ घराण्यांना राजवाड्याची निगा राखण्यासाठी हाच मार्ग उरला. दिल्ली-जयपूर रस्त्यावरील नीमराणा किल्ल्याची गोष्ट वेगळी आहे. १४६४ पासूनची ती वास्तू ओस पडली होती. ती दुरुस्त करून १९९१ मध्ये हॉटेल म्हणून उघडण्यात आली. पडझड झालेल्या वास्तूलाही मुक्कामाच्या निमित्ताने उभे करता येते, हे त्यानंतर अनेकांना पटले.

आपल्याला फार लांब जायचे नसेल तर पुणे-सासवड परिसरात जाधवगड आहे. छत्रपती शाहू महाराजांचे सरदार पिलाजीराव जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेली ही गढी आता हॉटेल आहे. परंतु आपल्या जागी आम्ही असतो तर धुळे-सेंधवामार्गे महेश्वरला गेलो असतो. तेथील किल्ल्यातील अहिल्या वाड्यात होळकर घराण्याच्या वंशजांनी पाहुण्यांची सोय केली आहे, खाली नर्मदेचा घाट आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर महेश्वरी साड्यांचे माग आहेत. चांदवडचा होळकरांचाच रंगमहाल पाहिलेल्या नाशिककराला ती वास्तू परकी वाटणार नाही. तेथे खोल्या थोड्या आहेत आणि भाडे बेताचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भाड्याचा हिशेब करताना कर धरावा : एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्याहून अधिक असल्यास १८ टक्के लागतो, त्यामुळे या सीमारेषेच्या किंचित वर असलेली खोली प्रत्यक्षात बरीच महाग पडते.

प्रश्न : नाशिक इतके प्राचीन शहर असून येथे राजस्थानसारखे एकही नामांकित ऐतिहासिक हॉटेल का नाही? बाहेरगावचे मित्र विचारतात तेव्हा आम्हाला द्राक्षमळ्यातील नवीन रिसॉर्ट दाखवावे लागते.
— एक तरुण वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नात थोडी खंत आहे, पण ती अस्थानी आहे असे आम्हाला वाटते. राजस्थानात जे हॉटेल झाले ते मुळात राजाचे घर होते. प्रवासी तेथे गेल्या साठ-सत्तर वर्षांतच राहू लागला. नाशकात राजघराणे नव्हते. जवळ होती ती पेठ आणि सुरगाणा यांसारखी लहान संस्थाने. गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई राहिल्या, आनंदवल्लीला राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा वाडा होता, परंतु मुक्कामाला जावे असे तेथे आज काही उरलेले नाही. सराफ बाजारातील सरकारवाडा उभा आहे, पण तो राज्य संरक्षित स्मारक आहे. उरले ते सरदारांचे, सावकारांचे आणि उपाध्यायांचे वाडे. ते खासगी मालकीचे, चार-पाच पिढ्यांत वाटण्या झालेले.

असे असूनही यात्रेकरूला मुक्काम देण्याचा नाशिकचा इतिहास देशातील बहुतेक हॉटेलांपेक्षा फार जुना आहे. फरक इतकाच की ते मुक्काम पाटी लावून होत नसत. यात्रेकरू गोदाकाठी आला की आपल्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण, याची चौकशी करी आणि थेट त्यांच्या वाड्यात उतरे. ओसरीवर वळकटी ठेवायची, चौकातील हौदावर हातपाय धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी रामकुंडावरचे विधी उरकल्यावर वाड्यातच पंगतीला बसायचे, हा क्रम असे. या व्यवस्थेचा कणा होत्या उपाध्यायांच्या वह्या. लांबट, अरुंद बाजूने शिवलेल्या, लाल कापडात गुंडाळून ठेवलेल्या या नामावळ्यांत गाव, आडनाव आणि मूळ पुरुष यांच्या क्रमाने नोंदी असतात : कोण आले, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या. जुनी पाने मोडी लिपीत, नंतरची बाळबोधीत, आणि खाली येणाऱ्याची सही, सही येत नसेल तर अंगठा. ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा आपल्या घराण्याचे पान काढून पाहावे. पणजोबांनी नाशकात कोणाच्या घरी मुक्काम केला, हे त्यात अनेकदा सापडते. कोणत्याही हॉटेलच्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या पाहुण्यांच्या नोंदवहीपेक्षा हा दस्तऐवज आम्हाला मोलाचा वाटतो.

दुसरी व्यवस्था धर्मशाळांची. दानशूर व्यापारी, संस्थानिक आणि निरनिराळ्या ज्ञातींच्या पंचांनी पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी त्या बांधल्या. त्यांचा गौरव करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. ज्ञातीच्या धर्मशाळेत ज्ञातीबाहेरच्याला जागा नसे, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूला कोणत्याच ओसरीवर पथारी टाकता येत नसे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा प्रश्न मंदिरप्रवेशाचा होता, परंतु त्याच माणसांना तीर्थाच्या गावी रात्री डोके टेकायलाही जागा नव्हती. गाडगे महाराजांच्या कार्याचे महत्त्व येथे कळते. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे सुपूर्द केली. स्वतः ते त्या इमारतींत राहत नसत, हे विशेष.

इंग्रजी अमदानीत रेल्वे आली ती गावापासून चांगल्या आठ-नऊ किलोमीटरवर, आज जेथे नाशिक रोड आहे तेथे. स्टेशनवरून गावात यायला टांगे होते आणि काही काळ ट्रामही धावली. गोऱ्या साहेबांची सोय डाक बंगल्यात आणि देवळालीच्या छावणीत होई. देवळालीची हवा कोरडी आणि निरोगी मानली गेल्यामुळे पारशी आणि गुजराती समाजांनी तेथे आरोग्यभवने बांधली. उंच जोते, चारही बाजूंनी व्हरांडा आणि कौलारू छप्पर अशा त्या इमारतींपैकी काही आजही वापरात आहेत, परंतु त्यांतील प्रवेश बहुधा त्या त्या समाजापुरता असतो.

तेव्हा मित्रांना दाखवण्यासारखे काही नाही, असे समजू नये. त्यांना सकाळी लवकर पंचवटीत न्यावे आणि एखाद्या जुन्या धर्मशाळेचा चौक दाखवावा. द्राक्षमळा दुपारी पाहता येईल.

प्रश्न : मला व माझ्या भावाला सहकुटुंब अशा जुन्या धर्मशाळेत दोन रात्री राहायचे आहे. आजच्या काळात ते शक्य आहे का? नियम काय असतात?
— एक वाचक, निफाड

उत्तर : शक्य आहे, मात्र फोनवरून आरक्षण मिळेलच असे नाही, अनेक ठिकाणी जो आधी येईल त्याला खोली, अशीच रीत आहे. सर्व प्रौढांची ओळखपत्रे न्यावीत, अनामत रक्कम रोख ठेवावी आणि स्वतःचे कुलूप बरोबर घ्यावे. मांसाहार आणि मद्य यांना बंदी असते, रात्री दिंडी दरवाजा ठरावीक वेळी बंद होतो आणि सलग तीन दिवसांहून अधिक राहू देण्याची बहुधा तयारी नसते. गादी मिळाली तरी चादर आपलीच असलेली बरी.

भाड्याचा फलक दर्शनी भागात आहे की नाही, ते आधी पाहावे. ही अपेक्षा काही आजची नाही. १८६७ च्या सराई कायद्यात सराई चालवणाऱ्याने खोल्या, ओवऱ्या, गटारे आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी नेमावेत आणि दरांची यादी लावावी, असे स्पष्ट कलम होते. ज्या ठिकाणी फलक नाही आणि माणसाचा पेहराव पाहून दर सांगितला जातो, तेथून सरळ बाहेर पडावे.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा दोनमजली लाकडी वाडा आहे. सिंहस्थ जवळ आला आहे. वरच्या चार खोल्या यात्रेकरूंना किंवा पर्यटकांना द्याव्यात, असा मुलाचा आग्रह आहे. वाड्याचे मोठे हॉटेल होईल का? त्यासाठी काय करावे लागेल?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : हॉटेलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. चार खोल्यांसाठी निवास-न्याहारीची योजना पुरेशी आहे. केंद्र सरकारच्या योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंदणी होते. मालकाने त्याच घरात सहकुटुंब राहिले पाहिजे, ही मुख्य अट आहे आणि आपण ती आजच पूर्ण करता. महाराष्ट्र राज्याचीही याच स्वरूपाची योजना आहे. आमच्या मते वाड्यासारख्या वास्तूला हेच रूप शोभते, कारण घरात माणसे नांदती असली तरच चौकाला अर्थ राहतो.

परंतु अर्ज भरण्याच्या आधीची कामे अधिक महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे मालकी. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जितकी नावे असतील तितक्यांची लेखी संमती घ्यावी. खाली जुने भाडेकरू असतील तर त्यांच्या हक्कांना धक्का लागणार नाही, याची वकिलाकडून खातरजमा करावी. चार पैसे दिसू लागले की कधी न आलेले चुलत भाऊ येतात, हे आपणांस आम्ही सांगायला नको.

दुसरे म्हणजे वास्तूची प्रकृती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानेच बंधनकारक केली आहे, आणि दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा ढासळल्याची बातमी वाचल्यानंतर त्या तपासणीकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहता येणार नाही. तपासणीसाठी असा अभियंता शोधावा ज्याने लाकडी वाडे हाताळले आहेत. तो तुळईच्या मधल्या भागाकडे नंतर पाहील. आधी तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे टोच्याने ठोकून पाहील. ओल तेथेच मुरते, वाळवी तेथूनच शिरते, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारे सागवानही आतून भुसा झालेले असते. कडीपाटावरील (लाकडी छतावरील) मातीचा थर काढून त्यावर काँक्रीट आणि चकचकीत फरशी टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. लाकडावर नसता भार येतो. तीच गोष्ट सिमेंटच्या गिलाव्याची. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हवा, कारण त्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंटने ती आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत फुगते. न्हाणीघर आणि शौचालय वरच्या मजल्यावर प्रत्येक खोलीला जोडून द्यावे, असा पाहुण्यांचा आग्रह असतो. तो पुरवायचाच असेल, तर परसाच्या बाजूला स्वतंत्र पायावर नवी चिंचोळी इमारत उभारून ती मागच्या सज्जाला जोडावी. मूळ लाकडी सांगाड्यावर पाण्याचा एकही नळ नेऊ नये.

तिसरे म्हणजे आग. लाकडी वाड्यातील जुनी वायरिंग पूर्ण बदलून घ्यावी, स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर जिन्याखाली ठेवू नयेत आणि वरच्या मजल्यावरून उतरण्यासाठी दुसरा मार्ग असल्याखेरीज तेथे पाहुणे ठेवू नयेत. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. अग्निशमन दलाकडे आधीच विचारणा केली तर आपल्या वापरासाठी नेमके काय लागेल ते कळते.

राहिला पूर. आपला वाडा नदीपासून किती अंतरावर आहे ते पत्रात नाही. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी गोदावरीचे पाणी कुठवर आले होते, हे आपल्या आळीत कोणीही सांगेल. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की खालच्या आळीतले दुकानदार माल हलवू लागतात, त्या वेळी आपल्या दारात काय स्थिती असते? पाणी येत असेल, किंवा वाडा महापालिकेच्या नकाशातील निळ्या पूररेषेच्या आत असेल, तर पावसाळ्यात पाहुणे घेऊच नयेत. नाशिकच्या सिंहस्थाच्या पर्वण्या नेमक्या पावसाळ्यात येतात, हे मुलाला समजावून सांगावे. शिवाय पर्वणीच्या दिवशी गोदाकाठच्या रस्त्यांवर वाहने सोडत नाहीत. सामान घेऊन पाहुणे आपल्या दारापर्यंत येणार कसे, हाही प्रश्न आहेच.

आमचा स्पष्ट सल्ला असा की सिंहस्थाच्या घाईत काम उरकू नये. या काळात सुतार आणि गवंडी मिळणार नाहीत आणि मिळाले तर दुप्पट दर मागतील. तपासणी आणि लाकूडकाम आत्ता करून घ्यावे, आणि सिंहस्थ ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात दोन खोल्यांनी सुरुवात करावी.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७८ आहे आणि तिचे गुडघे दुखतात. लहानपणी ती माथेरानला एका जुन्या बंगल्यात राहिली होती. तिला तशाच जुन्या हॉटेलात घेऊन जायचे आहे. जमेल का?
— एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : जमेल, मात्र हॉटेलपेक्षा तेथवर पोहोचण्याची चिंता अधिक करावी. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण शोधले, पाठोपाठ साहेबांनी आणि पारशी कुटुंबांनी बंगले बांधले, आणि त्यांपैकी काही पुढे हॉटेले झाली. मोटारींना तेथे आजही बंदी आहे. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढचा अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता लाल मातीचा, चढउताराचा आहे. तेथून घोडा मिळतो, पण या वयात तो नको. ई-रिक्षा मिळतात, त्या संख्येने थोड्या आहेत. सर्वांत सोयीची आहे ती नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरान स्थानकापर्यंत जाणारी छोटी गाडी. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळची मूळ गाडी पावसाळ्यात बंद असते, ही शटल मात्र तेव्हाही सहसा चालू राहते. नाशिक रोडहून कल्याण, तेथून कर्जत लोकलने नेरळ आणि पुढे टॅक्सीने दस्तुरी, हा मार्ग आपल्याला बरा पडेल.

हॉटेल ठरवताना जोत्याच्या पायऱ्या किती आहेत, ते मोजून सांगायला लावावे. ‘तळमजल्यावरची खोली’ असे म्हणतात आणि प्रत्यक्षात तिला आठ पायऱ्या निघतात. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, कमोड आहे का, गरम पाणी दिवसभर मिळते की सकाळी दोनच तास, हेही विचारावे. जेवणघर वेगळ्या इमारतीत असेल तर खोलीत ताट आणून देतील का, याची लेखी खात्री घ्यावी. माकडांमुळे व्हरांड्यात काही खाता येणार नाही, ही आईंना बहुधा आठवणच असेल.

प्रश्न : डोंगराळ भागातील एका शंभर वर्षे जुन्या हॉटेलात रात्रभर पावले वाजल्यासारखा आवाज येत होता. व्यवस्थापक नुसते हसले. अशा ठिकाणी खरेच काही असते का?
— एक वाचक, मनमाड

उत्तर : लाकूड असते. दिवसा तापलेल्या तुळया आणि फळ्या रात्री थंडीने आकसतात आणि खिळ्यांच्या सांध्यातून एकामागून एक आवाज काढतात. पत्र्याचे छप्पर असेल तर त्यात भर पडते, आणि वर पोटमाळा असेल तर उंदीर व मांजर हे नेहमीचे बिऱ्हाडकरू असतातच. व्यवस्थापक हसले याचे कारण असे की भुताची आवई अशा हॉटेलांच्या धंद्याला मारक ठरत नाही. झोपमोड होणाऱ्यांनी सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली मागून घ्यावी, म्हणजे निदान डोक्यावर दुसऱ्या खोलीची फळ्यांची जमीन येत नाही.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमध्ये आहे. तेथे सरकारच जुन्या किल्ल्यांत आणि मठांत हॉटेले चालवते, असे तो सांगतो. आम्ही २०२७ मध्ये तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, जाण्याचा विचार करतो आहोत. एकच ठिकाण निवडायचे झाल्यास कोणते निवडावे?
— एक दांपत्य, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुलगा सांगतो ते बरोबर आहे. या सरकारी हॉटेलांना पारादोर म्हणतात. पहिले पारादोर १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झाले. पर्यटक जेथे सहसा जात नाहीत अशा भागांत त्यांना न्यावे आणि त्याच पैशांतून पडीक वास्तूंची निगा राखावी, हा त्यामागचा विचार आजही टिकून आहे. आपल्याकडच्या कित्येक गढ्यांसाठी असे काही करता आले असते, ही चुटपुट ते पाहून लागतेच.

एकच निवडायचे तर सांतियागो दे कोंपोस्तेला येथील. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राणी इसाबेला आणि राजा फेर्नांदो यांनी पायी येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तेथे रुग्णालय आणि निवास बांधण्याचा आदेश दिला. चार चौकांची ती दगडी इमारत थेट महामंदिराच्या चौकात आहे आणि १९५४ पासून हॉटेल म्हणून चालते. यात्रेकरूंसाठीच बांधलेल्या वास्तूत राहायला मिळणे ही नाशिककरांच्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट ठरावी. महामंदिराच्या चौकाकडे तोंड असलेल्या खोल्या महाग असतात. आतल्या चौकांकडे उघडणाऱ्या खोल्या शांत असतात आणि वास्तू कळते ती तेथूनच.

मात्र २०२७ हे वर्ष टाळावे. संत याकोबाचा दिवस, म्हणजे २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो ते वर्ष तेथे पवित्र वर्ष मानले जाते आणि यात्रेकरूंची रीघ लागते. २०२७ मध्ये तो रविवारीच येतो. आपल्याकडे सिंहस्थ आणि तिकडे पवित्र वर्ष, अशा दोन्ही गर्द्या एकाच पावसाळ्यात पडणार आहेत, आणि नाशकातल्या घरी पाहुण्यांचा राबता असताना आपण दोघे परदेशी असणे नातेवाइकांनाही रुचणार नाही. त्याऐवजी २०२८ च्या मे महिन्यातील आरक्षण करावे. वरिष्ठ नागरिकांसाठी पारादोरांत बहुधा सवलतीचा दर असतो, तो मुलाला आधी विचारून घ्यायला सांगावे.